छापखाना सांभाळून केलेले उद्योग

१७५२ सालच्या डिसेंबरात बोस्टनमधला जॉन फ्रँकलिन मूत्राशयातल्या खड्याने बेजार झाला होता. लघवी अडली की ती मोकळी करण्यासाठी त्या काळी धातूची ताठ नळी वापरत. शरीरातला मार्ग वळणावळणाचा आणि नळी न वाकणारी, त्यामुळे ती आत घालताना होणाऱ्या वेदना मूळ दुखण्यापेक्षा कमी नसत. वळणाप्रमाणे वाकणारी नळी मिळाली तर बरे, असे जॉनने फिलाडेल्फियातल्या आपल्या धाकट्या भावाला कळवले. हा भाऊ डॉक्टर नव्हता, छापखानदार होता. पत्रावर त्याने एक दिवस विचार केला, अशी नळी कशी बनेल याचा आराखडा मनात पक्का केला आणि तो थेट चांदीकाम करणाऱ्या कारागिराच्या दुकानात जाऊन बसला. नळी तयार होईपर्यंत तो तिथून हलला नाही, कारण ती त्याला त्याच टपालाने बोस्टनला पाठवायची होती.

नळीसोबत गेलेले पत्र आजही उपलब्ध आहे आणि ते एखाद्या उपकरणाच्या माहितीपत्रकासारखे आहे. नळी जाड वाटली तर बारीक कशी करायची, फार लवचीक वाटली तर आत तार घालून मागचा भाग ताठ कसा ठेवायचा, वरून आतड्याचे पातळ आवरण चढवायचे असेल तर ते तुरटी आणि मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवून मग कसे बांधायचे, हे सगळे त्यात आहे. युरोपात अशा नळ्या आधीही झाल्या होत्या, असे इतिहासकार सांगतात. बेंजामिन फ्रँकलिनला पहिला मान मिळवण्यात रस नव्हता. भावाची अडचण दूर व्हावी आणि त्यात काही उणे राहिले तर भावाला ते स्वतः दुरुस्त करता यावे, एवढेच त्याला हवे होते.

अमेरिकेच्या शंभर डॉलरच्या नोटेवर ज्याचा चेहरा आहे, तो हाच फ्रँकलिन. वादळात पतंग उडवणारा म्हणून तो आपल्या शालेय पुस्तकांतून माहीत असतो. पण त्याच्या आयुष्याचा बराच भाग अशा फुटकळ उद्योगांनी भरलेला आहे. पोटापाण्याचा धंदा एक आणि रिकाम्या वेळातला खटाटोप दुसरा, अशी त्याची विभागणी होती. त्यातल्या अनेक खटाटोपांचा संबंध या ना त्या मार्गाने आरोग्याशी येत होता.

त्याचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टनमध्ये झाला. वडील साबण आणि मेणबत्त्या बनवत. त्यांच्या सतरा मुलांमधला हा पंधरावा. शाळा मिळाली ती जेमतेम दोन वर्षे. लहानपणी त्याला पोहण्याचे वेड होते आणि आणखी वेगाने पोहता यावे म्हणून त्याने चित्रकाराच्या रंगपाटीसारख्या दोन लाकडी फळ्या केल्या. सुमारे दहा इंच लांब, सहा इंच रुंद, अंगठा घालायला भोक. त्यांनी वेग वाढला, पण मनगटे दुखून आली. तळव्यांना बांधायच्या फळ्याही करून पाहिल्या, त्या त्याला पसंत पडल्या नाहीत. कित्येक वर्षांनी एका फ्रेंच डॉक्टर मित्राला हे सारे लिहिताना त्याने मनगटांचे दुखणे आणि पायांच्या फळ्यांचे अपयश दोन्ही सांगून टाकले. काय जमले याबरोबर काय जमले नाही तेही सांगायचे, ही सवय त्याने जन्मभर ठेवली.

बाराव्या वर्षी तो थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. १७२१ मध्ये बोस्टनमध्ये देवीची साथ आली. सुमारे अकरा हजार वस्तीच्या या गावात निम्म्याच्या आसपास लोकांना देवी आल्या आणि ८४४ माणसे दगावली. याच साथीत तिथे पहिल्यांदा टोचणीचा प्रयोग झाला. देवी आलेल्या रुग्णाच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या कातडीत टोचायचा, म्हणजे त्याला सौम्य रोग होऊन पुढे संरक्षण मिळते, अशी ही पद्धत. जेनरची गाईच्या देवीची लस यायला अजून पाऊणशे वर्षे होती. टोचणीची ही माहिती धर्मोपदेशक कॉटन मॅथर याला दिली होती ओनेसिमस नावाच्या आफ्रिकी गुलामाने. त्याला स्वतःला लहानपणी आफ्रिकेत टोचलेले होते. मॅथरने ती डॉक्टर झॅब्डिएल बॉयल्स्टन याच्यापर्यंत पोहोचवली आणि बॉयल्स्टनने आपल्या सहा वर्षांच्या मुलापासून सुरुवात केली. गावात गहजब उडाला. टोचणीविरुद्ध सर्वांत कडवट मजकूर छापणारे वृत्तपत्र होते जेम्स फ्रँकलिनचे, आणि त्याचे खिळे जुळवणाऱ्या हातांत पंधरा वर्षांच्या बेंजामिनचे हातही होते. साथ ओसरल्यावर बॉयल्स्टनने आकडे मांडले. टोचलेल्या सुमारे अडीचशे जणांपैकी सहा गेले होते. ज्यांना देवी आपसूक आल्या, त्यांच्यात दर सात जणांमागे एक गेला होता.

भावाशी न पटल्याने सतराव्या वर्षी बेंजामिन घरातून पळाला आणि फिलाडेल्फियात आला. मधली दीडेक वर्षे लंडनच्या छापखान्यांत काढून तो परतला आणि १७२७ मध्ये त्याने ‘जंटो’ नावाचे एक छोटे मंडळ सुरू केले. सभासद बारा. दर शुक्रवारी संध्याकाळी भेट. मंडळी बहुतेक हाताने काम करणारी: काचा बसवणारा, जोडे शिवणारा, सुतार, जमीन मोजणारा, दस्तऐवजांच्या नकला करणारा, छापखान्यातले कामगार. गावात त्यांना चामड्याच्या अंगरख्यावाल्यांचे मंडळ म्हणत. भेटीसाठी चोवीस प्रश्नांची यादी ठरलेली होती आणि ती वाचताना आजही कुतूहल वाटते. कोणाचा धंदा बुडाला आणि का, कोणाचा वर आला आणि कशामुळे, हे विचारायचे. ओळखीत कोणी आजारी पडले किंवा जखमी झाले का, कोणता उपाय केला आणि त्याचा परिणाम काय झाला, हेही विचारायचे. वाद घालायला मुभा होती, मात्र ठासून बोलणे आणि समोरच्याला थेट खोटे पाडणे यांवर छोटा दंड असे. ज्याला मत मांडायचे त्याने ते शक्यतेच्या भाषेत मांडावे, हा नियम होता. हे मंडळ जवळजवळ चाळीस वर्षे चालले.

काचा बसवणारा थॉमस गॉडफ्री जंटोत फार टिकला नाही. तो स्वतःच्या बळावर गणित शिकलेला आणि बारीकसारीक शब्दावर अडणारा होता. गप्पांत त्याची संगत फ्रँकलिनला त्रासदायक वाटे. पण याच माणसाने १७३० च्या सुमारास समुद्रावर सूर्यताऱ्यांची उंची मोजण्याचे सुधारित यंत्र बनवले. त्याच वेळी लंडनमध्ये जॉन हॅडली यानेही तसेच यंत्र स्वतंत्रपणे मांडले, आणि जगभरच्या खलाशांच्या तोंडी हॅडलीचेच नाव राहिले. लंडनच्या विद्वानांशी हॅडलीचा रोजचा संबंध होता. फिलाडेल्फियातल्या कारागिराची गोष्ट तिथे उशिरा आणि इतरांच्या मार्फत पोहोचली.

१७३६ च्या नोव्हेंबरात फ्रँकलिनचा चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस देवीने गेला. फ्रँकलिन एव्हाना टोचणीच्या बाजूचा झाला होता, त्यामुळे मुलाला टोचले होते आणि त्यातच तो गेला, अशी कुजबुज गावात सुरू झाली. दुःखातल्या बापाने गप्प बसणे कोणालाही समजले असते. फ्रँकलिनने पुढच्याच महिन्यात आपल्याच वृत्तपत्रात निवेदन छापले. मुलाला टोचलेले नव्हते, जुलाबाने अशक्त झाल्यामुळे तो सुधारेपर्यंत टोचणी पुढे ढकलली होती आणि तेवढ्यात त्याला देवी आल्या, असा खुलासा त्यात होता. ही अफवा ऐकून दुसरे आईबाप बिचकतील ही त्याची काळजी होती. म्हातारपणी आत्मचरित्र लिहिताना त्याने ही खंत पुन्हा नोंदवली, तीही याच हेतूने. कदाचित स्वतःची चूक जाहीरपणे सांगण्याचा हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत अवघड प्रसंग असावा.

चार-पाच वर्षांनी त्याने शेगडीचे काम हाती घेतले. त्या काळच्या घरांत भिंतीतल्या मोठ्या फायरप्लेसमध्ये लाकडे जळत. बरीचशी ऊब धुराड्यातून वर जाई, बाहेरची गार हवा फटींतून आत शिरे. माणूस पुढून भाजे आणि पाठीकडून गारठे. शिवाय फिलाडेल्फियाभोवतीची जंगले तुटत चालल्याने सरपण महाग झाले होते. फ्रँकलिनने ओतीव लोखंडाच्या पत्र्यांची शेगडी योजली. तिच्यातला गरम धूर एका पोकळ पेटीभोवती फिरून खाली जाई आणि मग धुराड्याला मिळे, त्यामुळे पेटीतली हवा तापून खोलीत येई. पत्रे ओतले जंटोतल्याच रॉबर्ट ग्रेसच्या भट्टीत. १७४४ मध्ये फ्रँकलिनने तिची रचना, मांडणी आणि वापर सांगणारी पुस्तिका आकृतीसह छापली. गारठ्याच्या झोतामुळे बायकांना सर्दी होते आणि हिरड्या-दातांची नासाडी होते, असेही त्याने त्यात लिहिले. दातांबाबतचे हे विधान आज कोणी मान्य करणार नाही.

पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरला शेगडी इतकी आवडली, की त्याने काही वर्षांसाठी विक्रीचा एकाधिकार देऊ केला. फ्रँकलिनने तो नाकारला. इतरांच्या शोधांचा फायदा आपण फुकट घेतो, तर आपल्या शोधाचा फायदाही इतरांना मोकळेपणाने द्यावा, असे त्याचे मत होते. मग लंडनच्या एका लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने पुस्तिकेतली बरीच रचना उचलली, किरकोळ बदल केले, स्वतःच्या नावे पेटंट घेतले आणि त्यावर चांगला पैसा केला. फ्रँकलिनने त्याविरुद्ध काही केले नाही. हे औदार्य परवडण्याजोगे होते, हेही खरे. छापखाना, वृत्तपत्र आणि वार्षिक पंचांग यांतून त्याला उत्तम मिळकत होती. ज्याचे पोट शोधावर आहे, त्याला हा हिशेब जमला नसता.

शेगडी मात्र नीट चालत नसे. धूर आधी खाली आणि मग वर न्यायचा, तर धुराडे सतत तापलेले हवे. विस्तव मंद झाला की धूर खोलीत परतत असे. पुढे डेव्हिड रिटनहाउस आणि इतरांनी धूर सरळ वर जाईल असा नळ बसवून हा दोष काढला. रचना छापून खुली झालेली असल्याने त्यांना कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. ‘फ्रँकलिन स्टोव्ह’ म्हणून पुढे जी घरोघरी गेली, ती बहुतेक ही दुरुस्त केलेली शेगडी होती.

१७४८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, छापखाना भागीदारावर सोपवून फ्रँकलिन मोकळा झाला. लंडनचे व्यापारी पीटर कॉलिन्सन यांनी पाठवलेल्या एका काचनळीपासून विजेचे प्रयोग आधीच सुरू झाले होते, आणि तेही मित्रमंडळींत. टोकदार धातू वीज बाहेर सोडतो हे थॉमस हॉपकिन्सनच्या लक्षात आले, चांदीकाम करणाऱ्या फिलिप सिंगने हाताने फिरवायचे यंत्र केले, आणि फ्रँकलिनने कॉलिन्सनला लिहिलेल्या पत्रांत हे श्रेय नावानिशी दिले. इमारतीवर टोकदार सळई लावून वीज जमिनीत सोडण्याची कृती त्याने १७५३ च्या पंचांगात छापली. शेतकऱ्यांच्या घरी खिळ्याला टांगलेले ते पंचांग असल्याने ती कृती कोणालाही विनामूल्य मिळाली.

त्यानंतर लोक लकवा झालेल्या नातेवाइकांना घेऊन त्याच्या दारी येऊ लागले. विजेच्या झटक्याने लुळे अंग बरे होते, अशा बातम्या युरोपातून येत होत्या. फ्रँकलिनने मोठ्या काचपात्रांत साठवलेल्या विजेचे झटके लुळ्या अंगाला दिले. १७५७ मध्ये लंडनचे डॉक्टर जॉन प्रिंगल यांना त्याने निष्कर्ष कळवला. पहिल्या दिवसापासून ऊब आणि मुंग्या जाणवतात, हालचाल थोडी वाढते, पाचव्या दिवसाच्या सुमारास सुधारणा थांबते, रुग्ण निराश होऊन घरी जातो आणि पहिल्यासारखा होतो. कायमचा गुण कोणालाही आलेला त्याला दिसला नाही. सुरुवातीची सुधारणा तरी विजेने झाली, की प्रवासाच्या हालचालीने आणि बरे होण्याच्या आशेने, अशी शंका त्याने पत्रातच मांडली. विजेच्या विषयात ज्याचा शब्द तेव्हा युरोपभर मानला जात होता, त्याने आपल्याच विजेबद्दल असे लिहिले. हा उपचार त्याला पैसे घेऊन सहज विकता आला असता.

१७५९ मध्ये लंडनमध्ये असताना त्याने देवीच्या टोचणीकडे पुन्हा लक्ष घातले. बोस्टनमध्ये १७५० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या साथीची मोजदाद त्याच्या हाती होती. आपसूक देवी आलेल्यांपैकी साधारण अकरांत एक मेला होता, तर टोचलेल्यांपैकी साधारण सत्तरांत एक. लोक तरीही टोचून घेत नव्हते, आणि डॉक्टरचा खर्च हे त्याचे एक कारण होते. म्हणून त्याने डॉक्टर विल्यम हेबर्डन यांच्याकडून घरच्या घरी टोचणी कशी करावी याच्या सोप्या सूचना लिहवून घेतल्या आणि आपल्या आकड्यांची प्रस्तावना जोडली. हेबर्डन यांनी स्वखर्चाने छापलेल्या प्रती अमेरिकेत फुकट वाटण्यासाठी गेल्या. आज असे घरगुती टोचणे कोणी सुचवणार नाही. टोचलेला माणूस इतरांना देवी देऊ शकतो, हा धोका त्या पद्धतीत होताच.

सर्दीबद्दलचे त्याचे मत वयाबरोबर बदलले. शेगडीच्या पुस्तिकेत गार झोताला दोष देणारा फ्रँकलिन १७७३ मध्ये डॉक्टर बेंजामिन रश यांना वेगळेच लिहीत होता. बंद खोल्यांत आणि बग्ग्यांत माणसे दाटीने बसून एकमेकांचा उच्छ्वास घेतात, तेव्हा सर्दी एकाची दुसऱ्याला लागते, असा त्याचा अंदाज होता. जंतू ठाऊक नसताना केलेला हा अंदाज बराच जवळचा ठरला. १७७६ मध्ये न्यू ब्रन्सविकच्या खानावळीत त्याला जॉन ॲडम्ससोबत एकाच खोलीत झोपावे लागले. ॲडम्सने खिडकी लावली, फ्रँकलिनने उघडायला लावली आणि अंधारात आपला सर्दीचा सिद्धान्त समजावू लागला. ॲडम्सने लिहून ठेवले आहे, की ऐकता ऐकता त्याला झोप लागली.

पॅरिसमध्ये राजदूत असताना, १७८४ मध्ये, मेस्मरच्या प्राणिज चुंबकत्वाची चौकशी करणाऱ्या राजनियुक्त समितीवर तो होता. आपले रहस्य मेस्मर शिष्यांना भारी रक्कम घेऊन आणि गुप्ततेच्या अटीवर विकत असे. फ्रँकलिनच्या पासी येथील बागेत एका झाडाला ‘चुंबकत्व’ देण्यात आले आणि डोळे बांधलेल्या मुलाला वेगवेगळ्या झाडांपाशी नेण्यात आले. तो बेशुद्ध पडला तो भलत्याच झाडापाशी. परिणाम कल्पनेचा आहे, असा निष्कर्ष समितीने छापला.

दूरचे आणि जवळचे असे दोन चष्मे सारखे बदलावे लागतात, याचा वैताग येऊन त्याने भिंगे आडवी अर्धी कापून एकाच चौकटीत बसवून घेतली. १७८५ मध्ये लंडनचा मित्र जॉर्ज व्हॅटली याला त्याने आकृती काढून ही रचना कळवली. जेवताना ताटातलेही दिसते आणि समोरच्याचा चेहराही, आणि बोलणाऱ्याचे ओठ दिसले की त्याला फ्रेंच जास्त समजते, असा फायदा त्याने सांगितला. वरच्या फळीवरची पुस्तके काढायला टोकाला दोरीने मिटणारी बोटे असलेली काठीही त्याने याच सुमारास केली आणि तिचे वर्णन लिहून ठेवले. त्या वेळी तो ऐंशीचा होता.

त्याच वर्षी, जुलै १७८६ मध्ये, त्याने शिशाबद्दल एक लांब पत्र लिहिले. तरुणपणी लंडनच्या छापखान्यात ओले खिळे विस्तवापुढे वाळवत. थंडीत गरम खिळे हाताळायला बरे वाटत, पण त्याच्या हाताच्या हाडांत दुखू लागले. एका जुन्या कामगाराने सावध केले, की असे करणाऱ्या काहींचे हात निकामी झाले आहेत. बोस्टनमध्ये तो लहान असतानाच रम गाळण्यासाठी शिशाचे भाग वापरण्यावर कायद्याने बंदी आली होती, कारण पिणाऱ्यांना पोटशूळ आणि लुळेपणा येत होता. पुढे पॅरिसच्या ला शारिते रुग्णालयात त्याने याच रोगाच्या रुग्णांची यादी मिळवून धंदे तपासले. जवळजवळ सगळे शिशाशी संबंधित होते, फक्त दगड फोडणारे आणि सैनिक कसे आले ते कळेना. चौकशीत उत्तर निघाले. दगडी कामात लोखंडी कठडे बसवायला वितळलेले शिसे ओतत, आणि सैनिक रंगाऱ्यांकडे रंग घोटायला मजुरीवर जात. हे सारे साठ वर्षांपासून माहीत असूनही व्यवहारात उतरत नाही, याचा त्याने पत्रात उल्लेख केला.

भावाला छळणारा मूत्राशयातला खडा अखेरीस त्यालाही झाला. शेवटची दोनेक वर्षे त्याने बरीचशी अंथरुणात, अफूच्या आधारे काढली. गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्षपद त्याने याच काळात सांभाळले. तरुणपणी त्याच्या स्वतःच्या घरी गुलाम होते आणि त्याच्या वृत्तपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. १७ एप्रिल १७९० रोजी फुप्फुसाच्या विकाराने तो गेला. मृत्युपत्राच्या पुरवणीत त्याने बोस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन्ही गावांना प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले होते. उमेदवारी पुरी केलेल्या, लग्न झालेल्या आणि पंचविशीच्या आतल्या कारागिरांना स्वतःचे दुकान थाटायला ते पाच टक्के व्याजाने द्यायचे, फेडीचे पैसे पुढच्या कारागिराला, असे दोनशे वर्षे. ही मुदत १९९० मध्ये संपली, तेव्हा दोन्ही शहरांत मिळून ६० लाखांहून अधिक डॉलर शिल्लक होते.